नियम आधी, डाव मागाहून

चतुर्थीची सुट्टी लागली की गोव्यातील बहुतेक घरांत कॅरमबोर्ड बाहेर निघतो. निरनिराळ्या गावांहून आलेली भावंडे त्याच्याभोवती बसतात आणि प्रत्येकजण आपापल्या घरचा नियम सोबत घेऊन येतो. मग तंटा ठरलेलाच! एकही सोंगटी न घेता राणी मारता येते काय? राणी व सोंगटी एकाच फटक्यात पडली, पण राणी मागाहून पडली, तर ती ‘कव्हर’ झाली काय?

या प्रश्नांची उत्तरे छापील नियमांत आहेत. आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघ १९८८ साली स्थापन झाला. त्याच्या नियमांप्रमाणे राणी घेण्यापूर्वी आपली निदान एक सोंगटी घेतलेली असावी लागते. आणि दोन्ही एकाच फटक्यात पडल्या तर आधी कोण पडली हे न पाहता राणी कव्हर झाली असे मानतात. परंतु धाकट्या बहिणीचा धक्का लागून सोंगट्या हलल्या, तर काय करावे? स्पर्धेत पंच असतो. घरच्या सोप्यावर तो कोठून आणावा?

अशा वेळी बहुधा ज्याचा बोर्ड किंवा ज्याचा आवाज मोठा, त्याचा नियम खरा ठरतो. आम्हांस हे घातक वाटते. पाचवीतला मुलगा डाव हरला तर त्याचे काही बिघडत नाही. उद्या तो जिंकेल. परंतु फटका मारून झाल्यावर काढलेल्या नियमाने तो हरला, तर नियम म्हणजे थोरांची सोय, हा धडा तो शिकतो. तो धडा पुढे शाळेत, कचेरीत आणि पंचायतीतही त्याच्या मनातून जात नाही.

कोणी म्हणेल, “खेळच तो! त्याला एवढा कायदा कशाला?” आमचे उत्तर असे की, खेळाला शिपाई नाही की न्यायालय नाही, तो केवळ परस्परांच्या संमतीवर उभा असतो. ती संमती गेली की उरतात १९ सोंगट्या आणि रुसलेली चार मुले.

सबब आमची सूचना साधी आहे. पहिली फोड होण्यापूर्वीच शंकेचे नियम बोलून घ्यावेत. घरचा नियम महासंघाहून वेगळा असला तरी चालेल. तो आधी सर्वांना ठाऊक हवा. डावाच्या मध्येच शंका निघाली, तर ज्याचा त्यात लाभ आहे त्याने निर्णय देऊ नये. न खेळणाऱ्यास विचारावे. तरीही न मिटल्यास सोंगट्या पूर्ववत् मांडून तोच फटका पुन्हा मारू द्यावा. नवा नियम केलाच तर तो पुढच्या डावापासून लागू करावा, झालेल्या डावाला नव्हे.

विद्यार्थी मित्रहो, अचूक नेम सरावाने साधतो. आपल्या तोट्याचा नियमही आधी कबूल केला म्हणून पाळणे, याला मात्र मन मोठे लागते.