भिंतीआधी पूररेषा

पूर ओसरतो, घरातला चिखल निघतो, पंचनामे होतात आणि नदीकाठी संरक्षक भिंत बांधण्याची मागणी पुन्हा सुरू होते. सांगली-कोल्हापूरच्या लोकांनी 2005, 2019 आणि 2021 असे तीन महापूर सोसले. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी 45 फूट आहे. 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट आहे. 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी तिने 55 फूट ओलांडले. ज्याच्या माडीपर्यंत पाणी चढले त्याने भिंत मागितली तर त्याला दोष देता येणार नाही. पण त्याला भिंत देऊ करणाऱ्यांनी ती पुढे काय करते हेही सांगितले पाहिजे.

ते बिहारमध्ये दिसते. कोसी नदीला पन्नासच्या दशकात दोन्ही बाजूंनी तटबंध घातले गेले. हिमालयातून येणारा गाळ पूर्वी मैदानभर पसरत असे, तो आता दोन बांधांमध्येच साचू लागला. पात्र वर चढले आणि बाहेरची शेतजमीन त्याच्या खाली गेली. 18 ऑगस्ट 2008 रोजी नेपाळमधल्या कुसहा येथे बांध फुटला, तेव्हा नदीत दीड लाख क्युसेकही पाणी नव्हते. बांधाचे संकल्पन मात्र नऊ लाखांहून अधिक क्युसेकचे होते. कोसी शंभरावर किलोमीटर पूर्वेला, जुन्या सोडलेल्या वाटेने धावली आणि तीस लाखांवर लोक त्यात सापडले. त्या भागाला पुराची सवय उरली नव्हती, कारण बांध आहे म्हणून तो निर्धास्त होता. बिहारमध्ये 1954 साली सुमारे 160 किलोमीटर तटबंध होते आणि पूरप्रवण क्षेत्र 25 लाख हेक्टर होते. पुढे तटबंध 3,400 किलोमीटरच्या वर गेले आणि पूरप्रवण क्षेत्र 68 लाख हेक्टरांवर पोहोचले.

कृष्णा कोसीइतका गाळ आणत नाही, हे खरे. पण इथल्या अडचणी वेगळ्या आहेत. सांगलीच्या काठी पाणी अडवले तर ते हरिपूर आणि मिरजेच्या बाजूला, तिथून शिरोळ तालुक्यात अधिक जोराने उतरणार. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, तिथली गावे आधीच दोन नद्यांच्या कचाट्यात आहेत. शिवाय नदी फुगली की पाणी शेरीनाल्यातून उलटे शहरात शिरते. नाल्याच्या तोंडाला दार लावले, तर शहरात पडलेल्या पावसाला बाहेर पडायला वाट राहत नाही. मग ऐन पुरात, वीज बंद असताना, पंप चालवायचे कसे? महामार्गांचे आणि पुलांचे भराव हे तर कोणी न मागता उभे राहिलेले बांधच आहेत. नवी भिंत घालण्यापूर्वी या भरावांखाली मोऱ्या आणि कमानी वाढवणे अधिक निकडीचे आहे.

धरणांचा प्रश्न याहून अवघड आहे. कोयनेची साठवण 105 टीएमसी, वारणेची 34 टीएमसी. एक टीएमसी म्हणजे दिवसभर वाहणारे सुमारे साडेअकरा हजार क्युसेक. कोयनेत दहा टीएमसी जागा मोकळी असेल, तर येणारे सव्वा लाख क्युसेक पाणी जवळपास एक दिवस एक थेंबही न सोडता अडवता येते. गावे हलवायला हा एक दिवस फार मोलाचा असतो. पण ही धरणे सिंचनासाठी आणि विजेसाठी बांधली आहेत. भरलेले धरण हे त्यांचे यश, आणि रिकामी जागा पुराच्या कामाची. जुलैत पाणी सोडले आणि 2023 सारखा ऑगस्ट कोरडा गेला, तर जाब अभियंत्यालाच द्यावा लागतो. म्हणून तो धरण भरून घेतो आणि मग अतिवृष्टीत सगळे पाणी एकदम सोडावे लागते. 2006 च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सुमारे नऊ लाख क्युसेक विसर्ग झाला आणि सुरत बुडाले. तापीवरचा तो धडा कृष्णेसाठीही आहे. पंचगंगेच्या खोऱ्यात तर धरणेच लहान आहेत. राधानगरी धरण साडेआठ टीएमसीचेही नाही, आणि ते भरले की स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. तिथे धरणाकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही.

कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची 519.60 वरून 524.256 मीटर करण्याला महाराष्ट्राने विरोध जरूर करावा. फुगवट्याचा हिशेब दोन्ही राज्यांनी एकत्र बसून उघडपणे मांडला पाहिजे. मात्र नंदकुमार वडनेरे समितीने 2019 च्या महापुराचे खापर अलमट्टीवर फोडले नव्हते. अतिवृष्टी आणि पूरक्षेत्रातली अतिक्रमणे यांकडे बोट दाखवले होते. अतिक्रमणांचा हा भाग राज्यकर्त्यांना ऐकायला नको असतो. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा जलसंपदा विभाग आखतो. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे. तरीही तिथे घरे, मंगल कार्यालये आणि दुकाने उभी राहतात, त्यांना वीज-पाणी मिळते आणि मग त्यांच्या रक्षणासाठी भिंतीचा प्रस्ताव तयार होतो.

याउलट नेदरलँड्स पाहा. हा बांधांवर जगणारा देश. 1995 मध्ये पुराच्या धोक्यामुळे सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागली, त्यानंतर त्याने नुसते बांध वाढवण्याऐवजी नदीला जागा दिली. नायमेखेन शहरासमोरचा बांध 350 मीटर मागे नेला आणि वाटेतली घरे मोबदला देऊन हलवली.

कृष्णाकाठीही आधी पाण्याला जागा आणि मग भिंत, याच क्रमाने काम व्हावे. कोयना आणि वारणेत 15 ऑगस्टपर्यंत पुरासाठी किती जागा राखायची, हे सरकारने दरवर्षी 1 जूनपूर्वी जाहीर करावे. पुढे पाऊस कमी पडला तर त्या निर्णयाची जबाबदारी सरकारने घ्यावी, अभियंत्यावर ढकलू नये. निळ्या रेषेतल्या गरीब कुटुंबांचे पुनर्वसन आधी व्हावे. बिल्डरांची बांधकामे नियमित करणे आजच थांबवावे. भिंतीचा निर्णय त्यानंतर, आणि शिरोळच्या शेतकऱ्याला विचारूनच घ्यावा.