उलट, सुलट आणि बारशाची डेडलाइन

साडेतीन इंच लांबीची एक वस्तू. वजन म्हणाल तर चार पोस्टकार्डांइतकं. तिच्यापुढे मी तब्बल तीन आठवडे हात टेकून बसले होते. वस्तू म्हणजे लोकरीचा बूट. बाळाचा. एक.

झालं असं, की गेल्या ऑक्टोबरात माझ्या मावसबहिणीची, म्हणजे ताईची, गोड बातमी आमच्या फॅमिली ग्रुपवर पक्की झाली. तारीख डिसेंबरातली. बाळ पुण्याच्या थंडीत येणार. आमच्या घरात जन्मलेल्या प्रत्येक बाळाला आजीच्या हातचं टोपडं आणि बुटांची जोडी मिळाली आहे. मलाही. माझी जोडी आई अजून पिशवीत डांबरगोळ्या घालून ठेवते. पण आजीची बोटं दोन वर्षांपूर्वी आखडली. सुई धरली की दुखतात. "आता बाजारातून आणा," असं ती फोनवर म्हणाली आणि लगेच भाजीच्या भावाबद्दल बोलायला लागली. मला ते भाजीचे भाव फार खटकले. मी म्हणून टाकलं, "मी विणते की!"

शाळेत असताना आजीनेच मला मफलर विणायला शिकवला होता. मफलर म्हणजे काय, सरळ रस्ता. तोही कोथरूडपर्यंत जाऊन थांबलेला, पुढे कधी गेलाच नाही. पण मी विचार केला, स्वेटर थोडाच विणायचाय? छोटीशी तर गोष्ट आहे!

मैत्रिणींनो (आणि मित्रांनो, तुम्हीही वाचा, सुयांना जेंडर नसतं), 'छोटीशी' हा शब्द इथे सगळ्यात मोठी फसवणूक आहे.

पहिली माती मी दुकानातच खाल्ली. इंटरनेटवर एक झकास अमेरिकन पॅटर्न मिळाला होता. त्यात लिहिलं होतं, सुई नंबर ३. मी दादरला जाऊन ऐटीत तीन नंबरच्या सुया मागितल्या. दुकानदार काकांनी चष्म्यावरून बघितलं. "काय विणताय?" "बाळाचे बूट." "तीन नंबरने?" मी म्हटलं, हो, पॅटर्नमध्ये तसंच आहे. काकांनी खांदे उडवले आणि सुया दिल्या.

आता ऐका. आपल्याकडच्या सुयांना जुने ब्रिटिश नंबर असतात. नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. अमेरिकेत बरोब्बर उलटं. त्यांची तीन नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, आपली तीन नंबर म्हणजे साडेसहा. दुप्पट जाड! १० सेंटिमीटरमध्ये २८ टाके बसायला हवे होते, माझे बसले १८. घोटा बारा सेंटिमीटरचा व्हायचा तो अठराचा झाला. रूममेटने तो आपल्या चहाच्या मगावर चढवला. मापात बसला.

आजीला फोन केला तर ती आधी पोटभर हसली. मग म्हणाली, "अगं, दहा नंबर घे. आणि ते कागदावरचं काय वाचतेस? तेहतीस टाके घाल, मी सांगते."

आजीचा बूट तसा सोपा. म्हणजे तिला सोपा. आधी घोट्याची पट्टी, मग रिबीन ओवायला भोकांची एक ओळ. मग तेहतिसाचे तीन भाग करायचे, ११-११-११. कडेचे दोन भाग सुईवर नुसते बसून राहतात आणि मधल्या अकरांवर पुढची जीभ विणायची. पूर्ण झाली की जिभेच्या दोन्ही कडांवरून नवे टाके उचलायचे आणि सगळ्यांना घेऊन पाऊल विणायचं. शेवटी तळव्याला शिवण. सपाट 'टी' आकाराचं एक विचित्र फडकं तुमच्या हातात असतं, आणि शिवण घातल्याबरोबर त्याचा बूट होतो! खरं सांगते, पहिल्यांदा तो झाला तेव्हा मी रात्री साडेबाराला एकटीच टाळ्या वाजवल्या. आठशे शब्दांचा लेख दिल्यावर मेलला 'ओके' असं उत्तर येतं आणि चेक तीन महिन्यांनी. इथे कसं, रिझल्ट लगेच आणि बोटावर घालून नाचवता येतो.

छोट्या विणकामाची मजा हीच. पर्समध्ये मावतं. एक गुंडा पुरतो. आपण सगळ्यालाच लोकर म्हणतो, पण लेबल वाचलंत तर बाळांची बरीचशी 'लोकर' ॲक्रिलिक असते. टोचत नाही आणि वॉशिंग मशीनमध्ये आटत नाही. मी फ्रीलान्सर असल्यामुळे मला अकराच्या लोकलला बसायला जागा मिळते, तेव्हा डोंबिवली ते दादर हा माझा वर्कशॉप झाला. लेडीज डब्यात भाजी निवडणाऱ्या बायका असतात, पोथी वाचणाऱ्या असतात, त्यात मी खपून गेले.

एकदा मुलुंडला गाडी गचकन थांबली आणि सुई निसटली. टाका पडला. पडलेला टाका तिथेच बसत नाही हो, खालच्या ओळीतला सोडवतो, मग त्याच्या खालचा, बघता बघता शिडी तयार होते. मी नुसती बघत राहिले. समोरच्या काकूंनी पदराची सेफ्टी पिन काढली, त्या लोंबणाऱ्या टाक्यात खुपसली आणि बंद केली. "आता जात नाही कुठे. घरी जाऊन क्रोशाच्या सुईने वर चढव." आणि पुढे, "पिन ठेव तुलाच." घाटकोपरला उतरल्यासुद्धा.

पण खरी परीक्षा पहिल्या बुटाची नसतेच. ती दुसऱ्याची! इंग्रजी विणकरांनी या आजाराला नावही ठेवलंय, सेकंड सॉक सिंड्रोम. पहिल्यात शोध असतो, दुसऱ्यात नुसती हजेरी. तेच टाके, तीच जीभ, आणि आता सरप्राइज काही उरलेलं नाही. (उसवण्याला ते 'फ्रॉगिंग' म्हणतात, कारण 'रिप इट, रिप इट' हे बेडकाच्या आवाजासारखं ऐकू येतं. आपला बेडूक डराव करतो. त्यामुळे आपल्याकडे उसवताना हसू येत नाही.) माझा दुसरा बूट आठ दिवस तेहतीस टाक्यांवर पडून होता. तेवढ्यात बाळ आलं. दिलेल्या तारखेच्या दहा दिवस आधी. फ्रीलान्सरच्या पोटी जन्माला आलं नाही एवढं नक्की.

बाराव्या दिवशी बारसं. अकराव्या संध्याकाळी मी पुण्याला आजीकडे पोचले, दोन्ही बूट घेऊन. दुसरा मी ट्रेनमध्ये, कर्जत ते शिवाजीनगर, अक्षरशः धावत विणला होता. आजीने चष्मा लावला नाही. दोन्ही बूट टाचेला टाच लावून मांडीवर ठेवले आणि जिभेवरून अंगठा फिरवला. एकदा. पुन्हा एकदा.

"हा मोठा आहे."

"काहीतरीच काय!"

"पहिल्याला अठरा ओळी आहेत. ह्याला बावीस."

मी मोजल्या. बावीस.

मी बरंच काही बोलले. बाळाला काय कळतंय, फोटोत दिसणार नाही, दीडशे रुपयांत दुकानात जोडी मिळते, मी उद्याच्या कार्यक्रमात झोपेन. आजीने सगळं ऐकून घेतलं. मग शिवणीचं टोक शोधलं आणि ओढलं.

विणताना दुखणारी तिची बोटं उसवताना दुखत नव्हती. सर्रकन ओळी सुटत होत्या आणि ती सुटलेला धागा डाव्या हातावर गुंडाळत होती, तीस-पस्तीस वर्षांपूर्वी मोठ्या मुलांचे जुने स्वेटर उसवून धाकट्यांचे करायची, तशी. जिभेच्या मुळाशी आल्यावर थांबली. अकरा टाके माझ्या सुईवर एकेक करून तिनेच चढवले. त्याला दहा मिनिटं लागली. मी मदत करू का, असं विचारलं नाही. का नाही विचारलं, कोण जाणे.

मग मी विणत गेले आणि ती मोजत. "नऊ. दहा. घट्ट नको ओढूस. अकरा." मध्येच तिला माझ्या वेळची गोष्ट आठवली. माझ्या बुटांची जोडीही एकसारखी नव्हती म्हणे. तेव्हा दिवे गेले होते, तिने कंदिलाच्या उजेडात विणली, आणि उसवायला वेळ नव्हता. "तुझ्या आईला सांगू नकोस," असं म्हणाली. रात्री सव्वा वाजता शिवण पूर्ण झाली.

बारशाला बाळाने पहिल्या पाच मिनिटांत डावा बूट झाडून टाकला. फोटोत एक पाय बुटात आणि एक उघडा आहे. कोणीतरी तो पाळण्याखालून शोधून दिला.

सहा आठवड्यांनी ताईचा फोन आला. लसीकरणाला गेली होती, रिक्षात की दवाखान्यात कुठेतरी एक बूट पडला. आवाज अगदी अपराधी. "तुझ्याकडे लोकर असेल ना उरलेली? एकच हवाय गं."

लोकर आहे. काकूंची पिनसुद्धा आहे. मी आजीला फोन लावला आणि विचारलं, कोणता पडला असेल, डावा की उजवा?

"दोन्ही सारखेच आहेत आता," आजी म्हणाली. "तेहतीस घाल."