शब्द तेच, गाणारे वेगळे

वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेचा सरकारी रेडिओ, एसएबीसी, नापसंत गाण्याची रेकॉर्ड नुसती कपाटात टाकून थांबत नसे. त्या गाण्यापुरते तबकडीवर टोकदार हत्याराने ओरखडे काढले जात. अलीकडची-पलीकडची गाणी शाबूत, मधलं तेवढं कायमचं बाद. गायक रॉड्रिग्जच्या 'कोल्ड फॅक्ट' या अल्बमची अशी ओरबाडलेली तबकडी 'सर्चिंग फॉर शुगर मॅन' या माहितीपटात दिसते. पाहून चीड येते. संग्रह ज्यांनी जपायचा, त्यांनीच तो नासवला.

कारण विचारलं की बोट शब्दांकडे. रेकॉर्ड कंपन्यांनी गाण्याचे शब्द लिहून द्यायचे, रेडिओच्या समितीने ते वाचून निकाल द्यायचा. पण पिंक फ्लॉइडचं 'अनदर ब्रिक इन द वॉल' आठवा. ब्रिटिश शाळांतल्या जाचावरचं हे गाणं दक्षिण आफ्रिकेतही धडाक्यात खपत होतं. १९८० मध्ये केपटाऊनकडच्या 'कलर्ड' (मिश्रवंशीय) आणि कृष्णवर्णीय शाळांतल्या मुलांनी निकृष्ट, भेदभावाच्या शिक्षणाविरुद्ध वर्गांवर बहिष्कार टाकला आणि हेच गाणं म्हणायला सुरुवात केली. मे महिन्यात सरकारने त्यावर बंदी घातली. शब्द होते तेच होते. गोऱ्यांच्या दिवाणखान्यात वाजत होतं तोवर ते कुणाला खुपलं नाही. ती मुलं गाऊ लागली, आणि सरकारला धडकी भरली.

गायक स्टीव्ही वंडरच्या बाबतीत तर शब्दांचं निमित्तही उरलं नाही. १९८५ मध्ये ऑस्कर मिळालं ते 'आय जस्ट कॉल्ड टू से आय लव्ह यू' या साध्या प्रेमगीताला. त्याने ते ऑस्कर नेल्सन मंडेलांना अर्पण केलं, आणि एसएबीसीने त्याची झाडून सगळी गाणी बंद केली.

म्हणून गाण्यावरच्या बंदीचा विषय निघाला की आपण 'शब्द आक्षेपार्ह होते का' यावर घसा कोरडा करतो, ते मला चुकीचं वाटतं. ते गाणं तेव्हा कोण गात होतं, हे आधी विचारायला हवं.

शब्द चाळणाऱ्यांचे कानही बंदच होते. 'ब्राइट ब्लू' या बँडचं १९८७ मधलं 'वीपिंग' याच रेडिओवर पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. त्यात बंदी असलेल्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या 'न्कोसी सिकेलेल इ-आफ्रिका' या गीताची नुसती धून, शब्दांविना, गुंफली होती. १९९४ मध्ये तेच गीत दक्षिण आफ्रिकेच्या दोन राष्ट्रगीतांपैकी एक झालं.