‘सी’ भाषेतला हो-नाहीचा हिशेब

एखादी अट पुरी झाली की नाही, हे प्रत्येक प्रोग्राम क्षणोक्षणी तपासत असतो. तरीही डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये घडवलेल्या ‘सी’ भाषेत या हो-नाहीसाठी वेगळा डेटा टाइप नव्हता. बूलियन प्रकार तेव्हा नवा नव्हता. ‘अल्गोल ६०’मध्ये तो होताच. पण ‘सी’ ज्या बीसीपीएल आणि ‘बी’ या भाषांच्या वंशातली, त्यांत डेटाचे प्रकारच नव्हते. शून्य म्हणजे खोटे आणि बाकी कोणताही आकडा म्हणजे खरे, हा संकेत ‘सी’ने तसाच पुढे चालवला.

संकेत सुटसुटीत होता, म्हणून प्रत्येकाने त्यावर आपापला ‘बूल’ उभारला. कोणी त्यासाठी इंटिजर वापरला, कोणी जागा वाचवायला एका बाइटचा कॅरेक्टर. खरी गफलत इथे होते. समजा, एखाद्या आकड्यातला नववा बिट चालू आहे का, हे तपासायचे आहे. उत्तर ‘हो’ असेल तर हाती २५६ येतात. पण आठ बिटांच्या बाइटात २५५पर्यंतच मावते; नववा बिट गळून पडतो आणि उरते शून्य. म्हणजे ‘हो’चे ‘नाही’ झाले, आणि कंपायलर बहुधा अवाक्षरही काढत नाही. असा दोष शोधायला माणसाचे दिवस जातात.

१९९९च्या मानकाने, म्हणजे ‘सी ९९’ने, हो-नाहीसाठी वेगळा प्रकार आणून यावर उत्तर दिले. नव्या प्रकारात कोणताही शून्येतर आकडा घातला की तो १ होतो. २५६ असो वा ०.५. मात्र त्याला थेट ‘बूल’ हे नाव दिले असते, तर तेच नाव वापरणारे असंख्य जुने प्रोग्राम मोडले असते. म्हणून मानक ठरवणाऱ्या समितीने भाषेसाठी राखून ठेवलेल्या नावांपैकी, अंडरस्कोरने सुरू होणारे ‘_बूल’ निवडले. साधे नाव ज्याला हवे, त्याने ‘एसटीडीबूल’ ही हेडर फाइल जोडावी, अशी सोय केली. नाव ओबडधोबड होते, पण निर्णय शहाणपणाचा होता. दुसऱ्याचे चालते काम न मोडता भाषा सुधारणे हे तिच्या राखणदारांचे पहिले कर्तव्य आहे.

२०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सी २३’ मानकाने बूल, ट्रू आणि फॉल्स हे अखेर कीवर्ड केले. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘जीसीसी १५’ या कंपायलरने, वेगळे काही न सांगितल्यास हेच मानक लागू केले, तेव्हा स्वतःचा ‘बूल’ बाळगून असलेले काही जुने प्रोग्राम अडलेच. तरी पाव शतकाची मुदत मिळाल्यावर एवढी झळ सोसायला हरकत नसावी.

आपल्याकडे असंख्य मुलांची प्रोग्रामिंगशी पहिली ओळख ‘सी’नेच होते, आणि वर्षानुवर्षे ती ‘टर्बो सी’वर झाली. तो कंपायलर ‘सी ९९’च्या आधीचा, त्यात हा प्रकार नाही. प्रयोगशाळेत जिथे तो अजून चालू असेल, तिथे शिक्षकांनी तो बदलावा आणि अटींचा धडा शिकवतानाच ‘बूल’ही शिकवावा. नवे कंपायलर फुकट मिळतात.