किण्वाचे दप्तर

चाकणच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या नव्या गाड्या ज्या २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलवर धावतात, त्यातील इथेनॉल मळीतून, रसातून वा धान्यातून घडविणारा खरा कामगार यीस्ट, म्हणजे किण्व, हा सूक्ष्म जीव असून त्याच्या जनुकांचे दप्तर अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात ठेविले जाते, हे या स्तंभाच्या थोड्याच वाचकांना ठाऊक असेल. १९९६ साली त्याच्या १६ गुणसूत्रांतील सुमारे १ कोटी २० लक्ष अक्षरांचे वाचन प्रसिद्ध झाले आणि सुमारे ६,००० जनुके गणली गेली. नोंदकाराचे काम खरे तेथून वाढले.

ज्यांच्या जमिनी एमआयडीसीत गेल्या, त्यांना सातबारावरील नाव फेरफाराने बदलते, गट क्रमांक जागेला चिकटून राहतो, हे सांगावयास नको. जनुकांचेही तसेच. इथेनॉल घडविणारे प्रमुख विकर ज्या जनुकातून येते, त्यास आज एडीएच-१ म्हणतात. जुन्या निबंधांत तेच एडीसी-१ या नावाने वावरते. वाय-ओ-एल-०८६-सी हा त्याचा क्रमांक मात्र पंधराव्या गुणसूत्राच्या डाव्या भुजेवरील त्याची जागा दाखवितो. त्याचे भावंड एडीएच-२ इथेनॉल खर्ची घालते. दोहोंची गफलत झाली, तर संशोधक उत्पादक सोडून उपभोक्त्याच्या मागे लागेल. म्हणून नोंदकार मूळ निबंध वाचतो, आणि प्रत्यक्ष प्रयोगाचा पुरावा व केवळ साम्यावरून केलेला तर्क यांना एका रकान्यात बसू देत नाही. (आमच्या सरकारी अहवालांना हा सद्गुण लाभता तर!)

परंतु त्या दप्तरातील प्रमाणभूत वाण प्रयोगशाळेतला आहे. त्याचा बराचसा वंश १९३८ साली कॅलिफोर्नियातील एका कुजक्या अंजिरावर सापडलेल्या किण्वाकडे जातो. आमच्या आसवन्यांतील उष्मा आणि मळीतील क्षार सोसणाऱ्या वाणांची सर्व हकीकत त्यात कशी यावी? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे; हिंजवडीची प्राज इंडस्ट्रीज आसवन्यांची यंत्रसामग्री परदेशी धाडते. वाण आहेत, यंत्रे आहेत. माझ्या मते, या वाणांच्या जनुकांची साधार नोंद ठेवणाऱ्या चार-दोन जाणकारांच्या वेतनाची कायम तरतूद या पट्ट्यातील उद्योगपतींनी मिळून करावी. प्रकल्पाची मुदत सरताच रजा घेणारा कंत्राटी तरुण, कितीही हुशार असला, तरी येथे पुरा पडत नाही. नवा निबंध दर आठवड्याला येतो आणि त्याचा फेरफार त्याच दप्तरात, त्याच शिस्तीने, कोणीतरी घालावा लागतो.

— परिसरनिरीक्षक