दहा रुपयांचा आंबा

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. आरे कॉलनीत, छोटा काश्मीरच्या जरा अलीकडे, रस्त्याकडेच्या कट्ट्यावर एक तरुण आई बसली होती. मांडीवर दीडेक वर्षाचं पोर आणि पोराच्या तोंडात बूच लावलेली दुधाची बाटली. बाटलीत मात्र पिवळंधमक आंब्याचं पेय. रिकामं खोकं बाजूला पडलेलं. पांढऱ्या केसांचा अधिकार वापरून मी विचारलं, "अगं, दूध का नाही देत त्याला?" ती मोकळेपणानं म्हणाली, "दूध घेतच नाही हो काका. हे कसं गटागटा पितो." मग निदान पाणी दे, म्हटलं. तिनं समोरच्या टपरीकडे बोट केलं. "पाण्याची छोटी बाटली दहाला. हे पण दहालाच. मग नुसतं पाणी कशाला घ्यायचं?"

मला उत्तर सुचलं नाही. वर्ष उलटत आलं तरी सुचलेलं नाही, आणि म्हणून यंदाच्या दिवाळी अंकाचं हे संपादकीय तुम्हाला सोसायला लागतंय.

2025 हे वर्ष तसं मोठं गेलं. शाळांत पहिलीपासूनची हिंदी आली आणि जूनअखेर मागे गेली. राजकारणात दुरावलेले दोन भाऊ एका व्यासपीठावर दिसले. शिवरायांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. हे लिहीत असताना मराठवाड्यात शेतं मातीसकट वाहून गेली आहेत आणि तिथली दिवाळी कशी होणार, हे विचारायचं धाडस होत नाही. या सगळ्यावर पुढच्या पानांत जाणत्यांनी लिहिलं आहे. माझ्या डोक्यातून मात्र ती बाटली जात नाही.

कारण ती आरेत दिसली. दुसरीकडे कुठे दिसती तर कदाचित विसरलोही असतो. मुंबईभर विखुरलेले म्हशींचे गोठे शहराबाहेर काढून एका जागी आणायचे आणि शहराला खात्रीचं दूध द्यायचं, म्हणून 1949 साली गोरेगावच्या या डोंगरात वसाहत वसवली गेली. सुमारे 1,287 हेक्टर जमीन, बत्तीस तबेले. आजही इथले लोक पत्ता सांगतात तो 'युनिट नंबर अमुक' असाच. यामागचं डोकं दारा खुरोडी यांचं. मुंबईचे मिल्क कमिशनर. 1963 सालचा मॅगसेसे पुरस्कार त्यांना वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत मिळाला. पुढे कुरियन घराघरात पोचले आणि खुरोडी मुंबईकरांच्याही लक्षात राहिले नाहीत. म्हशीच्या दाट दुधात दुधाची भुकटी आणि पाणी मिसळून ते गरिबाला परवडेल असं 'टोन्ड' करण्याची युक्ती त्यांचीच. मुलाच्या पेल्यात काय असावं हा सरकारी कामाचा विषय आहे, असं त्या काळी एका सरकारी अधिकाऱ्याला वाटत होतं. माझ्या पिढीनं त्याचा पुरावा रोज सकाळी हातात धरला आहे: पत्र्याचं दूधकार्ड, रिकाम्या बाटल्यांचा खणखणाट, ॲल्युमिनियमच्या पातळ झाकणाला आतून चिकटलेली साय. ती साय कोण चाटणार यावरून आम्हा भावंडांत मारामाऱ्या झाल्या आहेत.

आता एखाद्या जुन्या दूधकेंद्रावर गेलात तर दर्शनी भागात काचेचा उभा फ्रिज दिसतो. लाल, पिवळं, नारिंगी. दुधाच्या पिशव्या आत, क्रेटमध्ये. चालवणाऱ्याला विचारलं, दूध पुढे का नाही ठेवत? तो म्हणाला, "फ्रिज कंपनीनं दिलाय शेट. त्यात त्यांचाच माल लागतो. दुधासाठी फ्रिज घ्यायचा तर माझ्या पैशानं." लहान मुलं गोड पाणी का पितात यावर मी वर्षभरात बरंच वाचलं. इतकं नेमकं कुठेच सापडलं नाही.

मुलाला गोडाची ओढ असते ती जन्मतःच. आईचं दूध गोडसर असतं. कडू, आंबट नंतर शिकायचं. त्यात गैर काही नाही. गैर सुरू होतं ते आपण या ओढीचा धंदा होऊ देतो तिथून. बहुतेक कोल्ड्रिंकमध्ये शंभर मिलिलिटरला दहा ग्रॅमच्या आसपास साखर असते. म्हणजे अडीचशेच्या बाटलीत सहा चमचे. आंब्याच्या पेयात आंबा किती? नियमानं दहा टक्के रस असला की पुरे. बाकी पाणी, साखर आणि खोक्यावर छापलेली बाग. बालरोगतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना सांगते की दोन वर्षांखालच्या मुलाला फळांचा रससुद्धा देऊ नये, अस्सल असला तरी. त्या कट्ट्यावरच्या आईला हे कुणी सांगितलं असेल? बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलांचे वरचे पुढचे दात आधी किडतात, हे तिला कळेल ते दात काळे पडल्यावर.

पण तिला अडाणी म्हणून मोकळं होणाऱ्यांशी माझं भांडण आहे. आरेच्या पाड्यांवर जाऊन पाहा. तबेल्यांतलं दूध पहाटे टेम्पोत बसून शहराकडे जातं आणि पाड्यावरचं पोर बशीत कोरा चहा पितं, साखर सढळ, सोबत बटर. दूध शेजारीच आहे, पण विकत घ्यायचं. नळ काही पाड्यांवर फार उशिरा आला. दुकान मात्र नळाच्या आधी पोचलं होतं. जे जवळ, जे स्वस्त, जे पोर न रडता पितं, तेच आई देणार. आपणही तेच केलं असतं.

सरकारचं काय? जानेवारीत राज्यानं शाळेच्या पोषण आहारातल्या अंड्यांचा निधी थांबवला. हवी असतील तर लोकवर्गणीतून द्या, असं सांगितलं. त्याच निर्णयात गोड पदार्थांच्या साखरेचे पैसेही काढले, एवढं मात्र कबूल करायला हवं. मग 22 सप्टेंबरला जीएसटीचे नवे दर आले. फसफसणाऱ्या पेयांवर 40 टक्के. आणि फळांच्या रसाचं न फसफसणारं पेय 12 वरून 5 टक्क्यांवर. साखर दोन्हींत तेवढीच, कधी दुसऱ्यात जास्तच. सरकारला बुडबुडे दिसतात, साखर दिसत नाही. मेक्सिकोनं 2014 पासून, ब्रिटननं 2018 पासून गोड पेयांवर कर लावला. ब्रिटनमध्ये तर साखर जितकी जास्त तितका करही जास्त, म्हणून कंपन्यांनी मुकाट्यानं साखर कमी केली. आपल्याकडे हे कोण सुचवणार? उसाच्या राज्यात साखरेबद्दल वाईट बोलायचं म्हणजे जपूनच. आपली भाषासुद्धा चांगल्या बातमीसाठी तोंडात साखर पाडते.

सीबीएसईनं यंदा मे महिन्यात शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं, कशात किती साखर ते मुलांना दाखवणारा फलक. चांगलं आहे. पण फलक वाचता येण्याआधीच जीभ तयार झालेली असते.

आणि मी कुणी सोवळा नाही. गोरेगाव स्टेशनवर आरेचंच 'एनर्जी', काचेच्या बाटलीतलं पिस्त्याचं हिरवं दूध, कॉलेजच्या वर्षांत मी किती रिचवलं याचा हिशेब नाही. ते काही कमी गोड नव्हतं. चैत्रगौरीचं पन्हंही गोडच. फरक इतकाच की पन्हं वर्षातून एकदा, तेही कैऱ्या उकडून, गर काढून मिळायचं. परवा धाकट्या नातीच्या वाढदिवसाला मी स्वतः दोन लिटरची बाटली घेऊन गेलो. हातात काय आहे ते लिफ्टमध्ये कळलं. परत फिरलो नाही.

आमच्या सहसंपादक विचारतात की यंदाच्या अंकाचा विषय 'शेजार', त्यात हे कुठे बसतं? ओढूनताणून बसवतो. मुलाला सर्वांत जवळचा शेजार दुकानाचा की नळाचा, यावर तो काय पिणार हे ठरतं. पटलं तर ठीक, नाही तर कथा पान 23 पासून आहेत.

एक मागणं आहे. या चार दिवसांत शेजारची पोरं फराळाला येतील. चकलीनं घसा कोरडा पडला की ती सवयीनं फ्रिजकडे बघतील. तेव्हा फ्रिज उघडायच्या आधी तांब्या-भांडं पुढे करा.