लगाम हाती येतो तेव्हा

घोडा हा आपल्या घरांतला विषय नव्हे. शेळी, कोंबडी, गाय यांच्यावर आमच्या आयाबाया तासभर बोलतील. घोड्याचे नाव निघाले की सगळ्या गप्प. कारण उघड आहे. गावगाड्यात घोडा असे तो पाटलाचा, देशमुखाचा नाही तर गावी मुक्कामाला आलेल्या अंमलदाराचा. त्याला गवताचा भारा आणून टाकायचा, पाणी दाखवायचे आणि साहेब निघाला की वाट दाखवत त्याच्या पुढे पळायचे, ही कामे महारकीत मोडत. १९५८ च्या कायद्याने त्यावेळच्या मुंबई राज्यातली ही कनिष्ठ गाववतने खालसा झाली. पाठीवर बसण्याचा प्रश्न मात्र देशात अजून मिटलेला नाही. २०१८ साली उत्तर प्रदेशातल्या कासगंज जिल्ह्यात एका दलित नवरदेवाला आपली वरात गावातून नेण्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत धाव घ्यावी लागली. शेवटी घोड्याच्या बग्गीतून त्याची वरात निघाली ती पोलिसांच्या कड्यातून.

तेव्हा या आठवड्यात आम्ही घोड्यावर लिहितो आहोत, याचे वाचकांनी नवल मानू नये.

२०२४ च्या मे महिन्यात आम्ही इंग्लंडात एका धम्मबांधवाच्या घरी उतरलो होतो. कुटुंब मूळचे सातारा जिल्ह्यातले. गृहस्थ बस चालवतात, त्यांच्या पत्नी रुग्णालयात परिचारिका आहेत. दिवाणखान्यात बाबासाहेबांची तसबीर आणि तथागतांची मूर्ती, रोज सकाळी वंदना. मुलगी तेवीस वर्षांची. चांगली शिकलेली पोर, पण नोकरी धरली ती घोड्यांच्या पागेत, मोतद्दाराची. पहाटे सहाला जायचे, लीद काढायची, खरारा करायचा, दाणागवत घालायचे, खोगिरे पुसायची. वडिलांना हे मुळीच पसंत नव्हते. जेवताना ते आम्हाला म्हणाले, "माझा आजा पाटलाच्या घोडीला गवत घालून मेला. आम्ही समुद्र ओलांडून इथे आलो, आणि ही गोऱ्यांच्या घोड्यांची लीद उचलते!"

पोरगी ताटावरून वर न बघता म्हणाली, "पप्पा, पणजोबा गवत घालत होते, पण बसत नव्हते ना? मी बसते."

गृहस्थ काहीच बोलले नाहीत. त्यांनी तिला घोड्यावर बसलेले तोवर एकदाही पाहिले नव्हते. त्या शनिवारी त्यांना सुट्टी होती आणि तिचे क्लिनिक होते. आम्ही आग्रह धरला आणि तिघे मिळून गेलो.

क्लिनिक म्हणजे इथे दवाखाना नव्हे. एखादा जाणता शिक्षक अर्धा दिवस तीन-चार स्वारांना एकत्र शिकवतो, त्याला घोडेवाले क्लिनिक म्हणतात. आणि हे होते क्रॉस-कंट्रीचे. इव्हेंटिंग नावाचा जो घोडेस्वारीचा खेळ आहे, त्यात एकाच घोड्याने तीन परीक्षा द्यायच्या असतात. पहिली ड्रेसाज, म्हणजे आखलेल्या मैदानात शिस्तीत चालून दाखवणे. दुसरी क्रॉस-कंट्री, म्हणजे रानामाळातून धावत ओंडके, चर, चढउतार, पाणी ओलांडणे. तिसरी शो जंपिंग, म्हणजे रंगीत दांड्यांवरून उड्या. हा मूळचा फौजी घोड्यांच्या कसोटीचा प्रकार. तिन्हींत जिवाला धोका क्रॉस-कंट्रीत अधिक. शो जंपिंगची दांडी घोड्याचा पाय लागला की खाली पडते. रानातला ओंडका पक्का रोवलेला, तो पडत नाही, पडतात ते घोडा आणि स्वार. म्हणून स्वाराच्या डोक्याला हेल्मेट, अंगात छाती-पाठ सांभाळणारे जाड जाकीट आणि दंडावर पट्टी. त्या पट्टीत स्वाराची प्रकृतीची माहिती लिहून ठेवलेली असते. बेशुद्ध पडला तर डॉक्टरने वाचावी. ही पट्टी दिसल्यावर आमच्या यजमानांचा चेहरा उतरला, हे सांगायला नको.

घोडा मालकीणबाईंचा. पाच वर्षांचा, तांबूस रंगाचा, कपाळावर पांढरा टिळा. या खेळात पाच वर्षांचा घोडा म्हणजे पहिलीतले पोर. अंगात ताकद भरपूर, अनुभव शून्य. त्याला खोगीर आणि लगाम ठाऊक होते, दांडीवरून उडी ठाऊक होती. चर आणि डबके त्याने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, पायात गमबूट. हातात चाबूक नाही, आवाज चढलेला नाही. त्यांनी चारही घोड्यांना आधी दुडक्या चालीने मोकळ्या रानात फिरवले, चढावर नेले, उतारावर आणले. मग पहिला ओंडका. गुडघ्याएवढासुद्धा नव्हता! आमच्या मनात आले, एवढे खर्चून, पहाटेपासून तयारी करून ही पोरगी इथे आली, आणि कुठल्याही शेळीने ओलांडावा असा ओंडका? पण त्यामागचा हिशेब पुढे कळत गेला. त्या ओंडक्यावरून घोडा चारदा गेला. पहिल्या वेळी वाकडातिकडा आणि उगाच उंच उडून, चौथ्या वेळी असा, की जणू वाटेत काही आडवे नाहीच. मग त्याहून थोडा मोठा ओंडका. मग मातीच्या दोन पायऱ्या, आधी वर चढायच्या, नंतर खाली उतरायच्या.

चराशी आल्यावर घोडा थांबला. कान पुढे, नाकपुड्या फुललेल्या, फुरफुर करीत मान खाली घालून पाहू लागला. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला मागचेही पुष्कळ दिसते. पण कपाळाच्या अगदी समोरचे आणि नाकाखालचे दिसत नाही. मान मोकळी मिळाली तरच तो जमीन नीट न्याहाळू शकतो. स्वाराने घाबरून लगाम आवळला की घोडा आंधळा होतो, वर तोंडातले कडियाळे टोचते ते निराळेच. मग तो काय शिकतो? चर दिसला की तोंड दुखते, एवढेच शिकतो.

यजमान कुंपणावरून ओरडले, "अगं जपून!" पोरगी मागे न वळता म्हणाली, "तो बघतोय पप्पा. त्याला बघू द्या."

तिने लगाम सैल सोडला, पायांनी हलकेच पुढे सुचवले आणि वाट पाहिली. घोड्याने एक पाऊल पुढे टाकले, त्या क्षणी तिने पायांचा दाब काढून घेतला. हीच त्याची शाबासकी. बाईंनी एका वयस्क, शांत घोडीला चरावरून पुढे जायला सांगितले. ती गेली, आणि हे महाशय तिच्या मागोमाग असे उडाले की चर दोन हात आणि उडी दहा हात! स्वार अशा वेळी मागे फेकला जातो आणि हातातल्या लगामाला झटका बसतो. ते होऊ नये म्हणून तरुण घोड्याच्या गळ्यात एक साधा पट्टा बांधलेला असतो. पोरीने तो पट्टा धरला होता. घोड्याच्या तोंडाला झटका बसला नाही.

सगळ्यांत वेळ खाल्ला तो पाण्याने. डबके असेल वीतभर खोल, तळ पक्का केलेला. पण घोड्याला खोली कळत नाही. चमकणाऱ्या पाण्याखाली जमीन आहे की विहीर, हे त्याला पाय घातल्याशिवाय कसे कळावे? तो काठावर उभा राहिला. दोन पावले मागे सरला, पुन्हा आला, पुन्हा थबकला. इतर तिघे पाण्यात फिरत होते. यजमानांनी बसवाल्याच्या सवयीने घड्याळ पाहिले होते. तेरा मिनिटे गेली असे त्यांनी नंतर सांगितले. त्या तेरा मिनिटांत त्या घोड्याला कोणी मारले नाही, कोणी हसले नाही, 'बाकीचे बघ कसे जातात' असेही कोणी म्हणाले नाही. आमच्या चाळीत पाढे चुकलेल्या पोराच्या वाट्याला एवढी तेरा मिनिटे येतात का? शिकवणीची फी पोटाला चिमटा काढून भरणारे आईबाप संध्याकाळी त्याच पोराच्या पाठीत धपाटा घालतात. आणि गणित म्हटले की धपाटा, एवढे एकच समीकरण पोराच्या पक्के ध्यानात राहते.

शेवटी एक पाय पाण्यात पडला. शिंतोडे उडाले, तो दचकला, मग दुसरा पाय. मग पुढचा पाय आपटून आपटून त्याने एवढे पाणी उडवले की पोरगी नखशिखांत भिजली. बाईंनी त्याला तीन वेळा पाण्यातून ये-जा करायला लावली आणि म्हणाल्या, आता बस. पोरीला एक मोठा ओंडका करून बघायचा होता. बाईंनी साफ नकार दिला. थकलेल्या घोड्याला घाबरवून घरी न्यायचे नाही. जे जमले ते डोक्यात घेऊन त्याला जाऊ दे.

हे पाहताना आम्हाला त्रिपिटक आठवले. मज्झिम निकायात भद्दालि सुत्त आहे. त्यात तथागत जातिवंत शिंगराचा दाखला देतात. अश्वशिक्षक त्याला आधी तोंडात लगाम घ्यायला शिकवतो. पूर्वी कधी केलेले नसल्यामुळे शिंगरू चुळबुळ करते, अंग झाडते. पण पुन्हापुन्हा आणि पायरीपायरीने करून घेतल्यावर शांत होते, आणि ते शांत झाल्यावरच शिक्षक पुढची पायरी घेतो. अंगुत्तर निकायात तर केसी नावाचा अश्वशिक्षकच तथागतांना भेटायला येतो आणि दोघांत शिकवण्याच्या रीतीबद्दल बोलणे होते. केसी मऊपणाने शिकवतो, कठोरपणानेही शिकवतो. आणि जो कशानेच वळत नाही तो घोडा आपण मारून टाकतो, असे सांगतो. तथागतांच्या शासनात मारणे याचा अर्थ एवढाच, की त्या माणसाला उपदेश करण्याजोगा मानणे सोडून देणे. शिकवणेच बंद होणे, हे तथागतांच्या लेखी मरण!

आणि आपल्या समाजाला हे मरण किती पिढ्या भोगावे लागले, त्याचा एक दाखला घोड्याचाच आहे. परतीच्या वाटेवर यजमान गाडी चालवता चालवता एकाएकी म्हणाले, "चाळीसगावच्या त्या टांग्यावर असा कोणी शिकलेला माणूस असता तर?"

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये ती हकीकत स्वतः लिहिली आहे. साल १९२९. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब दौऱ्यावर होते. चाळीसगावच्या आपल्या लोकांनी त्यांना स्टेशनवरून महारवाड्यात मुक्कामाला नेण्याचा आग्रह धरला. टांगेवाले महाराला बसवून टांगा हाकायला तयार होईनात. अखेर तोड निघाली : टांगा भाड्याने देऊ, हाकणार नाही. मग आपल्यातलाच एक जण लगाम घेऊन बसला. त्याने आयुष्यात टांगा हाकलेला नव्हता. नदीवरच्या पुलावर चाक दगडांत अडकले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, घोडा टांग्यासकट नदीत पडला. बाबासाहेबांचा पाय मोडला. ज्याने टांगा हाकला त्याच्या मायेत काही कमी नव्हते. त्याला लगाम कोणी हाती दिलेला नव्हता, इतकेच.

हा भेद आपल्याकडेच होता असे नाही, त्याची रूपे निराळी. ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारी बराच काळ फौजी अधिकाऱ्यांची मिरास होती. १९४८ साली लंडनला स्वीडनच्या संघाने ड्रेसाजचे सुवर्णपदक जिंकले. पुढच्या वर्षी ते काढून घेण्यात आले. कारण संघातला पेर्सन हा स्वार खरा अधिकारी नसून सार्जंट असल्याचे निघाले. म्हणजे घोडा नीट चालला, पण वर बसलेल्याच्या खांद्यावरच्या फिती कमी पडल्या! मग नियम बदलला. १९५२ मध्ये तोच पेर्सन, तोच संघ पुन्हा उतरला आणि सुवर्णपदक घेऊन गेला. बायकांना ऑलिंपिकच्या इव्हेंटिंगमध्ये उतरायला मात्र १९६४ साल उजाडावे लागले. आपल्या देशाने १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये इव्हेंटिंगचे सांघिक सुवर्ण मिळवले, आणि वैयक्तिक सुवर्ण रघुवीर सिंग यांनी. त्यानंतर थेट २०१८ मध्ये जाकार्ताला फवाद मिर्झा यांनी वैयक्तिक रौप्य आणले.

त्या शनिवारी पागेत परतल्यावर पोरीने खोगीर उतरवले, तेव्हा लगाम धरायला माणूस हवा होता. यजमान पुढे झाले. "चावत नाही ना?" म्हणत त्यांनी लगाम धरला. घोड्याने त्यांच्या कोटाचा खिसा हुंगला. ते तसेच उभे राहिले, पोरगी घोड्याचा घाम निपटून काढीपर्यंत.

आता आपल्याकडचे. घोडा पाळणे किंवा क्लबाची फी भरणे हे आपल्या घरांना परवडणारे नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण एन.सी.सी.मध्ये रिमाउंट अँड व्हेटर्नरी अशी एक स्वतंत्र शाखा आहे. तिची पथके बहुधा पशुवैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेली असतात आणि तिथल्या कॅडेटांना घोडेस्वारी शिकवतात, मुलींनासुद्धा. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. बारावीला विज्ञान घेतलेली मुले-मुली ज्यांच्या घरी असतील, त्यांनी प्रवेशाच्या वेळी या पथकाची चौकशी जरूर करावी. आणि आपल्यापैकी कोणाची लेक किंवा लेक असे शिकून आधीच घोड्यावर बसली असेल, तर आम्हाला दोन ओळींचे पत्र टाकावे. छायाचित्र असल्यास सोबत जोडावे. पुढच्या अंकात जागा देऊ.

जयभीम.